त्रिशंकू आमच्या वावरातून दिसतो

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात मी विज्ञान शिकवायची. परीक्षा संपल्यावर आठवीच्या मुलींना सांगितलं, मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला, अगदी क्षितिजालगत, त्रिशंकू हा तारकासमूह दिसतो. त्या म्हणाल्या, "मंग दाखवा ना, मॅडम."

मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून घेतलं.

"पोरं न्या. पोरीयले अंधारात वावरात नेणं बरं दिसत नाही."

"सुट्टी आहे, सर. शाळेचा काय संबंध?"

"काही झालं तर शाळा जबाबदार नाही."

"मग परवानगीही लागत नाही," म्हटलं आणि उठले.

मी मुलींच्या घरी गेले. आयांनाच म्हटलं, तुम्हीही चला. एकीची सासू कुरकुरली, तशी ती आई भाकर थापता थापता म्हणाली, "माही पोर पाहीन, त मी काहून नाही पाहू?"

पहिल्या दिवशी अकरा मुली आणि सात आया आल्या. दक्षिणेला एकही झाड नसलेलं वावर मी आधीच हेरून ठेवलं होतं, पण हवेत नुसता धुरळा. वर हस्त नक्षत्र तेवढं दिसलं, खाली सगळं मातकट. परतताना चौकातून आवाज आला, "दिसला का वो तुमचा त्रिशंकू?" मागून हशा. मुलींनी माना खाली घातल्या. माझं डोकंच सणकलं.

"नाही दिसला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "उद्या पुन्हा जाणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ झालं, चार थेंब पडले, धूळ बसली. रात्री आया अकराच्या अकरा आल्या. "हस्तापासून सरळ खाली या," मी सांगत होते, तोच वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी ओरडली, "मॅडम, थो पाहा!" चार तारे, कलत्या पतंगासारखे, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर.

मी त्रिशंकूची गोष्ट सांगितली. स्वर्गात घेतलं नाही, वरून ढकललं, तो मध्येच राहिला.

"खाली त नाही आला ना?" भाकरवाली आई म्हणाली. "बस झालं."

जूनमध्ये शाळा उघडताच मुख्याध्यापकांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी दोनच ओळी लिहिल्या: मुलींनी त्रिशंकू पाहिला. पुढच्या मे महिन्यात पुन्हा पाहतील.

त्या कागदाचं काय झालं, मी कधी विचारलं नाही. पुढच्या मे महिन्यात आम्ही गेलो. त्याच्या पुढच्याही.