एका टायमाले एकच

संक्रांत होऊन पाच दिवस झाले होते, वार मंगळवार. मजुरी ठरली तीनशे रुपये. अमडापूरच्या बाजारातल्या त्या टिनाच्या दुकानात हजर आम्ही तिघे: मी, दुरुस्तीवाले चाचा आणि समोरचा चहावाला. चाचांनी माझी डिस्क कडांनी धरली आणि दाराच्या उजेडात तिरपी केली.

“चाचा, ईदचा चंद्र पाहून राह्यले का?” चहावाला म्हणाला.

“तुह्या चहात दूध दिसलं का त्या दिवशी ईद.” चाचांनी डिस्कवरची नजर काढली नाही.

तुम्हीही असे दुरुस्तीवाले पाहिले असतील, जे मशीन उघडलं की चार गोष्टी एकदम बदलतात आणि चाललं की हात झटकतात. चाचा तसे नव्हते. रेडिओच्या काळापासून त्यांचं एकच म्हणणं: “एका टायमाले एकच बदलायचं, भाऊ. नाई तं चूक कुठं होती ते समजतच नाई.” प्रत्येक बदल ते वहीत लिहीत. उपयोग झाला नाही तर जुनं होतं तसं परत करत, आणि मगच पुढचा.

डिस्कवर माझ्या कापसाची फिल्म होती. एका बियाणं कंपनीच्या माणसानं माझ्या शेतात मेळावा घेतला, शहरातून कॅमेरावाला आणला आणि नंतर ही ब्लू-रे डिस्क भेट दिली. नव्या बीटी वाणाला अळीसाठी एकही फवारा लागणार नाही, असं तो त्यात बोलला होता. माझ्या पाच एकरांत पस्तीस क्विंटल कापूस व्हायचा. त्या साली अळी पडली आणि नऊच झाला. सोमवारी तालुक्याला तक्रार समिती बसणार होती, तिथं त्याचं हे बोलणं पुरावा म्हणून दाखवायचं होतं, आणि मुलीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी मिळणाऱ्या भरपाईवर टेकलेली होती.

चाचांच्या जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स होतं. “फुकट हाये, अन् व्हायरस लागत नाई,” म्हणायचे. डीव्हीडीच्या ड्राइव्हला ही डिस्क वाचता येईना, म्हणून त्यांनी खामगावच्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून ब्लू-रे ड्राइव्ह मागून आणला. डिस्क फिरू लागली, पण पडदा काळाच. इंटरनेटवर जिथं तिथं लिहिलेलं, की अशा डिस्कला कुलूप असतं, त्याची किल्ली संगणकात घालावी लागते. चाचा किल्लीमागं लागले. वीज असेल तेवढा वेळ एक बदल, एक ओळ. मी रोज जायचो. वहीत फक्त “नाही” वाढत होतं.

शनिवारी ते स्वतःशीच हसले. “भाऊ, कुलूप बाजारच्या डिस्कले असते. हे तं त्या कॅमेरावाल्यानं घरी भरेल हाये. मी चार दिवस उघड्या घराची किल्ली ढुंढून राह्यलो.” अडत होतं ते सुरुवातीच्या मेनूपाशी. त्यांनी मेनू सोडून दिला, डिस्कमधलं फोल्डर उघडलं आणि सगळ्यात मोठी फाइल सरळ चालवली. अठरावा बदल. पडद्यावर माझं हिरवं शेत आलं.

कंपनीचा माणूस बोलला, जसं मला आठवत होतं तसंच. मग माईक माझ्यासमोर आला. डोक्याला फेटा, चेहऱ्यावर हसू, आणि मी सांगत होतो, “यंदा बियाणं बदललं, खत बदललं, औषध बी बदललं. सगळंच नवं.”

हे मी विसरलो होतो. चाचांनी फिल्म थांबवली.

“तिन्ही एकदम बदलले, भाऊ?”

“हाव.”

त्यांनी वही मिटली. “एवढं कापता येते. दोन मिनिटाचं काम.”

मी त्या थांबलेल्या हसऱ्या माणसाकडं पाहिलं. म्हटलं, “राहू द्या. बोललो ते बोललो.”

समितीनं लिहून दिलं: शेतकऱ्याने खत व औषधही बदलल्याचे स्वतः सांगितले असल्याने दोष बियाण्याचाच, असे म्हणता येत नाही. फीसाठी मी म्हैस विकली. चाचांना तीनशे द्यायला गेलो तर त्यांनी हात मागं घेतला. “तुमचं काम कुठं झालं? नाई घेत.”

पुढच्या हंगामात मी बियाणं आणि खत जुनं केलं, फक्त औषध नवं ठेवलं. चोवीस क्विंटल झाला. फार नव्हे, पण कशानं किती, हे पहिल्यांदा मला सांगता येत होतं. ते चाचांना सांगायला गेलो तर दुकानाला कुलूप. चहावाला म्हणाला, “पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. छातीत दुखलं, बस्स.” त्याच्या गल्ल्याशेजारी चाचांचा चष्मा ठेवलेला होता. आदल्या दिवशी चहा पिताना तिथंच राहिलेला.

मशिदीमागच्या घरी चाची ओसरीत गहू निवडत होत्या. मी सगळं सांगितलं आणि पैसे पुढं केले. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

“त्यांनी काऊन नाई घेतले?”

“माझं काम झालं नाही म्हणून.”

“डिस्क चालली होती का?”

“चालली होती.”

“मंग द्या.”

दिले. रुपये तीनशे, चाचीला.