इनकमिंगलाही पैसे पडतात

परदेशात मी मोबाइलचा डेटा बंद ठेवला होता. बिल आल्यापासून हे वाक्य मी नवऱ्याला, बहिणीला, कस्टमर केअरच्या निरनिराळ्या मुलींना आणि एकदा तर इस्त्रीवाल्यालाही ऐकवलं आहे. आता मी नुसतं "डेटा" म्हटलं की नवरा पाणी प्यायला उठतो.

पण बंद ठेवला होता, हे खरंच आहे. थायलंडला विमान टेकलं तसा मी आधी डेटा बंद केला आणि मग खुर्चीचा पट्टा सोडला. बँकेचे ओटीपी येतील म्हणून रोमिंग तेवढं चालू. नवऱ्याच्या फोनला रोमिंगच घेतलं नव्हतं, म्हणजे तो प्रश्नच मिटला. आमच्या टूरमधली निगडीची एक बाई बोटीत बसल्याबसल्या व्हिडिओ टाकत होती. तिला मी रोमिंग या विषयावर छोटंसं व्याख्यान दिलं. ती म्हणाली, निघण्याआधीच मी बाहेरच्या देशाचा पॅक घेतलाय. मला तिची कीव आली. उगाच पैसे घालवले बिचारीने.

ही सहल तशी नवऱ्याच्या चाकणच्या कंपनीच्या शटडाउनची. दरवर्षी त्या सुट्टीत तो घरातल्या नळांच्या मागे लागतो. यंदा मी नळांना अभय दिलं आणि परदेशाचा हट्ट धरला. त्यात माझा एक छुपा डाव होता. तो डाव म्हणजे आबा, माझे वडील.

आई गेल्यापासून आबा चाकणजवळच्या कुरुळी गावात एकटेच राहतात. भोवतीच्या खोल्या कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या. मध्यंतरी मोरीत पाय घसरून पडले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की यांना आता एकटं ठेवू नका. भावाने त्यांना माण गावातल्या आपल्या टॉवरमध्ये नेलं. तिथे त्यांना भेटायला गॅरेजवाले चाचा गेले. चाचा म्हणजे आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. आयुष्यभर चाकणला ट्रक दुरुस्त केले, आता गॅरेज मुलाकडे देऊन आबांशी गप्पा मारणं हेच त्यांचं काम. तर टॉवरच्या गेटवर चाचांना कोण, कुठले, कशाला, असं बराच वेळ विचारलं आणि शेवटी परत पाठवलं. आबांना हे दुसऱ्या दिवशी कळलं. संध्याकाळी ते कुरुळीत होते. भावाकडे परत म्हणून गेले नाहीत.

बहीण लांब राहते. राहिले मी. पण लेकीच्या घरी राहायला आबा काही तयार होईनात. जेवायला येतील, दिवेलागणीला परत. म्हणून मी सांगितलं की आम्ही परदेशी चाललोय, घर बंद राहील, कुंड्या वाळतील, तुम्ही राखणीला या. राखण म्हटल्यावर त्यांना पटलं. पिशवी घेऊन आले. एकदा आठवडाभर राहिले की सवय लागेल, असा माझा हिशोब होता. फक्त गेटवर कुणी त्यांच्या माणसाचा अपमान करायला नको.

आमच्या रावेतच्या सोसायटीत पूर्वी इंटरकॉम होता. त्याच्या वायरी उंदरांनी खाल्ल्यावर कमिटीने ॲप आणलं. गेटवर कुणी आलं की ॲपवर विचारणा येते, घरमालकाने परवानगी दिली की वॉचमन आत सोडतो. आणि मालकाचा डेटा बंद असेल तर? तर यंत्र आपोआप त्याला फोन लावतं. आबांचा बटणांचा फोन चालला नसता का? आबांना स्वतःला कुणाशी बोलायचं असेल तेव्हाच तो चालू होतो. एरवी बंद करून कपाटात.

त्यामुळे कुरुळीचा माणूस रावेतच्या गेटवर उभा राहिला की थायलंडमध्ये माझी पर्स वाजायची. उचललं की आधी एका बाईचं इंग्रजी, मग हिंदी, मग मराठी: आपल्याकडे पाहुणे आले आहेत, परवानगी देण्यासाठी एक दाबा. आधीच एक दाबलं तर बाई ऐकत नाही, पहिल्यापासून सुरू करते. मी बोटीत एक दाबलं. देवळात खांबाआड जाऊन दाबलं. पायांना मालिश करून घेताना दाबलं, तेव्हा मालिशवाली दचकून थांबली, तिला वाटलं मला दुखलं.

आणि माणसं तरी किती यावीत! चाचा रोज. त्यांच्याखेरीज आबांचे भाडेकरू, नांदेडकडची पोरं, शिफ्ट सुटली की ठेचा-भाकरी घेऊन. भजनी मंडळ एकेकटं, एकत्र यायचं कुणाला सुचलं नाही. शिवाय दूधवाला, कुरिअरवाला होतेच. नवरा एकदा समुद्राकडे बघत म्हणाला, "एखादा नको उचलूस."

"आणि नेमके चाचाच असले तर?"

"मग उचल," तो म्हणाला आणि नारळपाणी पीत राहिला.

परत आलो तर आबा गॅलरीत चाचांबरोबर चहा पीत बसले होते. कुंड्यांना इतकं पाणी घातलं होतं की खालच्या मजल्यावरून तक्रार आली होती. मी जाण्याचा विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून म्हणाले, "हितलं गेट बरं हाय. माणसाला माणूस समजत्यात." मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला खुणेनेच सांगितलं, की जिंकलो.

मग बिल आलं. आकडा सांगत नाही. नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, "आपण आलोय ना परत?"

कस्टमर केअरच्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं की मॅडम, परदेशात इनकमिंगलाही पैसे पडतात. मी म्हटलं, माझा डेटा बंद होता. ती म्हणाली, डेटाचे पैसे लावलेलेच नाहीत मॅडम, हे कॉलचे आहेत. अर्धं मिनिट बोललात तरी पूर्ण मिनिट धरतात. मी म्हटलं, मी बोललेच नाही, मी फक्त एक दाबलं. यावर तिने माझा फोन दुसरीकडे जोडून दिला. पुढच्या मुलीने सांगितलं की उतरल्या उतरल्या तुम्हाला दरांचा मेसेज गेला होता. गेला होता. मला वाटलं, स्वागताचा असेल.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? निगडीच्या त्या बाईसारखे मुकाट पैसे भरले असते. मी तत्त्वाचा प्रश्न केला. फोन कंपनीच्या चिंचवडच्या ऑफिसात टोकन घेऊन बसले, तक्रार नोंदवली, थोडी सूट देतो म्हणाले ती बाणेदारपणे नाकारली. नवरा म्हणत होता, भरून टाक आणि सुटू. मी म्हटलं, मेले तरी भरणार नाही. आपल्याच घराचं गेट उघडायचं आणि त्याचे पैसे?

एका दुपारी मी भाजी निवडत होते. आबा गॅलरीतून आत आले, खुंटीवरची टोपी घातली आणि धोतराची घडी पिशवीत भरायला लागले.

"कुठं निघालात?"

"चाचा मघाधरनं गेटाभाईर उभाय. वरनं दिसतोय मला. नवा वॉचमन हाय, आत घेईना त्यो."

"मला फोन आला असता ना."

"न्हाई आला," आबा शांतपणे म्हणाले. "त्यो आत येत न्हाई, तर मीच भाईर जातो."

मी फोन उचलून पाहिला. घरच्या वायफायवर सगळं सुरळीत चालू होतं, बहिणीचे सुविचारसुद्धा आलेले होते. पण गेटचं ॲप थायलंडपासून विचारणा न पाठवता थेट फोनच लावायचं, आणि नेटवर्कच्या जागी काहीच नव्हतं. बिल थकलं म्हणून कंपनीने माझा नंबर बंद केला होता, आणि मला पत्ता नव्हता.

आबा लिफ्टपाशी पोचले होते. मी दारात उभी राहून, मेथी निवडलेल्या हातांनी, सगळंच्या सगळं बिल भरलं. सूटसुद्धा मागितली नाही. मग त्यांच्यामागे जिना उतरले.

गेटवर मी वॉचमनला म्हटलं की हे आमचे चाचा, आत सोडा. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये ॲप्रूव्हल लागतं."

"अहो, मी स्वतः इथे उभी आहे."

"तरीपण लागतं."

पलीकडे चाचा उभे, अलीकडे आबा पिशवी घेऊन, मधे तो लोखंडी दांडा. फोनला रेंज येईना. मी आयुष्यात प्रथमच त्या इंग्रजी-हिंदी-मराठी बाईची इतकी आतुरतेने वाट पाहिली. शेवटी दांडीला दांडी जोडत नेटवर्क आलं, वॉचमनने पुन्हा नोंद केली आणि फोन वाजला. तिन्ही भाषा ऐकून घेऊन मी एक दाबलं. दांडा वर गेला.

आबा माझ्या हाताकडे पाहत होते. "म्हंजे हे तू उघडतीस?"

"हो."

"परदेशात गेलीस तवा?"

"तेव्हापण मीच."

"अन् मी समजत हुतो, हितली माणसं चांगली हायती," आबा म्हणाले. त्यांचा जरा विरसच झाला.

"पैसं बी पडलं असतील पोरीला," चाचा आत येत म्हणाले. "परमुलखात फोन उचलला की पडत्यात. माझा नातू दुबईला हाय, मला ठावं हाय."

हे चाचांनासुद्धा ठाऊक होतं.

आबांनी जरा विचार केला. रस्त्याकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं. मग पिशवी माझ्या हातात दिली, म्हणाले, "धर. अन् आता उद्याच्याला सकाळी भजनी मंडळ यायचंय, तवा फोन जवळ ठेव." आणि दोघे लिफ्टकडे चालू लागले.