अर्ध्यावर सोडलेली वाक्ये

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा फळ्यासमोर उभी राहिले. त्याआधीची तेवीस वर्षे एका विमा कचेरीत आलेल्या पत्रांना उत्तरे लिहिण्यात गेली. शिक्षणशास्त्राची पदवी मी तरुणपणीच, चांगल्या गुणांनी मिळवली होती. परंतु वर्गभर मुलांसमोर बोलायचे या कल्पनेनेच माझे हात गार पडत, म्हणून ती पदवी कपाटातच राहिली. कचेरी सोडल्यानंतर परळच्या एका मराठी शाळेत तिसरीच्या वर्गावर तात्पुरती शिक्षिका हवी असल्याचे समजले. गिरगावातून निघून दोन दिवस मी मधल्याच थांब्यावर बसमधून उतरून घरी परतले. तिसऱ्या दिवशी पोहोचले.

वर्गात मला भीती वाटे ती शांततेची. मुलांचा गोंगाट मला सोसवे. पण प्रश्न विचारल्यावर कोणीच बोलले नाही, की ती सगळी शांतता माझ्या अपात्रतेची साक्ष देते आहे असे वाटे. म्हणून माझ्या लहानपणीचे शिक्षक वापरत ती रीत मी नकळत उचलली. वाक्य अर्ध्यावर सोडायचे आणि उरलेले वर्गाने पुरे करायचे.

"वनस्पती आपलं अन्न पानांत तयार कर…"

"…तात!" सारा वर्ग गर्जे.

"सात पंचे पस्…"

"…तीस!"

शेजारच्या वर्गाच्या बाई मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "तुमचा वर्ग म्हणजे आरतीच हो! फक्त टाळ द्यायचे राहिलेत त्यांच्या हातात." मी ती स्तुतीच समजले. प्रश्नानंतर मुलाला विचार करण्यास अवधी द्यावा, हे मी पदवीच्या परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहून आले होते. त्याचा माझ्याशी काही संबंध आहे असे मात्र तेव्हा वाटले नाही.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसे. एकटीला विचारले की ती माझ्याकडे टक लावून पाहत राही. मला ते सहन होत नसे. मी उत्तराचे पहिले अक्षर ओठांवर आणी, आणि ती लगेच पुढचे बोले. दिवाळीपर्यंत ती इतकी चटकन बोलू लागली, की पालकसभेत मी तिच्या आईला म्हटले, "आता छान उत्तरं देते हं." आई लालबागला मसाला कुटण्याच्या डंखावर काम करी. दुसऱ्या दिवशी मुलीच्या दप्तरातून माझ्यासाठी मसाल्याची पुडी आली.

फेब्रुवारीत मुलांचे गणित आणि वाचन तपासायला बाहेरच्या एक शिक्षिका आल्या. व्हरांड्यात टेबल मांडून त्या एकेका मुलाला बोलावत होत्या. प्रश्न विचारल्यावर त्यांचा चेहरा जराही हलत नसे. मी वर्गाच्या दारातून पाहत होते. ती मुलगी त्यांच्यासमोर उभी होती आणि त्यांच्या ओठांकडे पाहत होती. तिला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

मी तिला वर्षभर काय शिकवले होते, ते मला तिथे दारात उभी असताना कळले.

मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, आईला बोलावून निकाल दाखवला. आईने कागद उलटसुलट पाहिला. "तिच्या डोक्यात काय शिरणा नाय, बाई. जूनपासून गावाक माझ्या आयेकडे धाडतंय. थय शाळा शिकात, नाय तर घरकामात मदत तरी करीत." मग ती माझ्याकडे वळली. "तुमी तर म्हणालात, छान उत्तरां देता!"

चूक माझी आहे, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होते. ते पुरे करायला कोणी नव्हते.

मार्चमध्ये मी वर्षाचा गोडा मसाला कुटून घेण्याचे निमित्त करून लालबागला गेले. आईशी बोलायचे ठरवून गेले होते. डंखाच्या धडधडीत शेजारच्या माणसाचेही ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हते. मुलगी शाळेतून थेट तिथेच आली होती आणि पायरीवर वही घेऊन बसली होती. माझ्यापुढे दोघीजणी होत्या, एकीची मिरची, एकीची हळकुंडे.

"माझी मिरची आधी घाल गो, बस चुकतली माझी!" पहिली ओरडली.

"एक चुकली तर दुसरी येतली. तुका काय विमान पकडूचा हा?" दुसरीने तितक्याच मोठ्याने तिला सुनावले.

आईचे हात कढईत गुंतले होते. तिने मान वळवून मुलीला तीन डबे दाखवले आणि खुणेनेच विचारले, कुठला आधी? मुलगी उठली. डब्यांकडे पाहत राहिली. मला वाटले, हिला कोणीतरी सांगा. पण त्या आवाजात हळूच काही सुचवणे शक्यच नव्हते, आणि आईलाही घाई नव्हती. ती खोबरे भाजत होती. बऱ्याच वेळाने मुलीने डबे हलवले. आधी हळकुंडे, मग माझा मसाला, शेवटी मिरची.

"असं का गं?" मी तिच्या कानाशी वाकून विचारले.

तिने माझ्या ओठांकडे पाहिले. तिथे काही नव्हते, कारण उत्तर मलाच ठाऊक नव्हते. मग ती माझ्या कानाशी म्हणाली, "मागचं थोडं डंखात उरतं ना. हळद मसाल्यात चालते. मिरची हळदीत नाय चालत."

आईशी त्या दिवशीही बोलणे झाले नाही. मसाला घेऊन मी घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात प्रश्न विचारून गप्प राहू लागले. मनात सावकाश दहा आकडे म्हणायचे, आणि ओठ हलू नयेत म्हणून पदर तोंडाशी धरायचा. पहिले काही दिवस फार वाईट गेले. मुलांना वाटले, बाई रागावल्या. आरती थांबली तसा वर्ग मठ्ठ दिसू लागला, आणि शेजारच्या बाईंनी विचारले, "बरं नाही का तुम्हाला?" उत्तर आले की मी बरोबर किंवा चूक न म्हणता फक्त विचारी, "कशावरून?" हळूहळू काही हात वर येऊ लागले. खिडकीजवळचा हात मात्र वर आला नाही. वर्ष संपत आले.

एप्रिलच्या अखेरीस आई शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली. मोठ्या बाईंनी मलाही बोलावले. मुलगी आईच्या पदराला धरून उभी होती. त्या दिवशी मी ते वाक्य बोलले. शेवटपर्यंत बोलले. म्हटले, "ती छान उत्तरं देते असं मी सांगितलं, ते खोटं होतं. उत्तरं माझीच होती. तिला विचार करायला मी वेळच दिला नाही."

आईने पदर सोडवून मुलीला पुढे केले. "मग आता माझ्यासमोर इचारा काय ता."

मी विचारले, "चोवीस मुलं आहेत. एका बाकावर पाच बसतात. बाकं किती लागतील?"

मुलगी माझ्या ओठांकडे पाहू लागली. मी पदर तोंडाशी नेला. मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवले. आईलाच राहवेना, ती वाकून म्हणाली, "सांग गो, चा…" मी तिच्या दंडावर हात ठेवला. असा हात मी आयुष्यात कोणा परक्यावर ठेवला नव्हता.

"चार," मुलगी म्हणाली. "आणि चार जण उभे."

मी बरोबर म्हणाले नाही, तसा आईचा चेहरा पडला. "चुकला ना?"

मी पदर तसाच धरून ठेवला. मुलगी पुन्हा माझ्याकडे वळली. पदराआड वाचण्यासारखे काही नव्हते. मग तिने टेबलाच्या कडेवर बोटे ठेवली, एकेक उचलली, परत ठेवली.

"ते तरी उभे का राहणार?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "त्यांना अजून एक बाक आणायचा. पाच."

मोठ्या बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. पण वेळ किती लागला? परीक्षेत एवढा वेळ देतं का कोणी?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

दाखल्याचा अर्ज टेबलावर होता. आई त्याच्याकडे पाहत उभी होती. समजावण्याची चार वाक्ये माझ्या ओठांशी आली. मी पदर काढला नाही. थांबले.

"दिवाळीपर्यंत ठेवतंय," आई शेवटी म्हणाली, आणि अर्जाची घडी करून तिने ती कनवटीला खोचली. तिने तो फाडला नाही, हे मी पाहिले.