उजवं कोणाचं?

ढोमणे सरांची आणि माझी ओळख संशयातूनच झाली. रायपूरच्या आमच्या महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवायला मी नव्याने रुजू झाले, तेव्हा सर पहिल्या वर्षाच्या मुलांना पूर्वेच्या खिडकीकडे तोंड करून उभं करत होते. फळ्यावर एकच शब्द होता, 'दक्षिण'. म्हटलं, झालं! विभागप्रमुख वास्तुशास्त्रवाले निघाले. त्यांच्या टेबलावर लिंबू-मिरची टांगलेली आहे का, हेही मी हळूच पाहून घेतलं.

सरांनी ते ओळखलं. "काहून मॅडम, पूजा मांडून राहिलो असं वाटलं का तुम्हाले?" म्हणाले आणि नीट समजावून सांगितलं. उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की उजवा हात ज्या दिशेला येतो ती दक्षिण; म्हणून संस्कृतात उजव्यालाही दक्षिणच म्हणतात. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरायचं, ती प्रदक्षिणा. म्हणजे उजवं ठरतं ते उभं राहणाऱ्याच्या अंगावरून, बघणाऱ्याच्या नव्हे. आमच्या शास्त्राचा नियमही तोच: डावं-उजवं नेहमी रुग्णाचं. 'दक्ष' म्हणजे कुशल, त्या कामसू हातावरून हा शब्द आला असंही सांगतात. पण आधी हात की आधी दिशा, यावर सर कधी ठाम बोलले नाहीत. "कहाणी जास्त गोड लागली का मले शक येते," म्हणायचे.

हा शक त्यांनी कोणालाच चुकवला नाही. सर मराठीत विचारत, मुलं हिंदीत उत्तर देत, आणि "बाईं तरफ" ऐकलं की सर हटकून म्हणत, "कोणाची?" कॅन्टीनवाल्या भैयालाही डावीकडचा समोसा कोणाच्या डावीकडचा, हे सांगावं लागे. पुष्कळांना सर खडूस वाटत. मलाही वाटायचे.

मग माझ्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, डॉक्टरांपुढे तोंड न उघडणारे. त्या सकाळी सर अभनपूरचे पेरू घेऊन खासगी दवाखान्यात आले. बाबा उपाशी, म्हणून पिशवी माझ्या हातात दिली आणि बाबांच्या मांडीवर काढलेला बाण बघत उभे राहिले.

"काका, ज्या बाजूले दुखते तिकडचा हात वर करा बरं."

बाबांनी डावा हात वर केला. बाण उजव्या मांडीवर होता. खूण करणारे तरुण डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी, बाबांकडे तोंड करून उभे राहिले होते आणि स्वतःचं डावं धरून मोकळे झाले होते. मी पेरूंची पिशवी खाली ठेवून तिथंच असलेल्या त्या डॉक्टरांना बाण दाखवला. ते डॉक्टर मात्र चिडले, "सर, आप हम पर शक कर रहे हैं?"

"तुझ्यावर नाही बेटा," सर म्हणाले. "तू उभा होता त्या जागेवर."

बाण पुसला गेला, बाबांना पुन्हा विचारून नवा काढला गेला. सरांनी याचा पुढे कधी उच्चारही केला नाही. मी आभार मानायला लागले, तर पेरू गोड होते का, एवढंच विचारलं.

सर, आज तुम्हाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. तब्येत ठणठणीत आहे असं तुम्ही सांगता; आम्हाला त्याचाही शक येतो, तेव्हा वेळच्या वेळी तपासून घ्या आणि असेच निरोगी, खडूस राहून शंभरी ओलांडा. तुम्ही आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी येता तेव्हा बाबा नमस्कार करत नाहीत, दारातच डावा हात वर करतात. तो हात तुम्हाला आणखी खूप वर्षं दिसत राहो.