विकलेल्या खाचरावरचे ठिपके

संशय घेणं हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. पेशंट म्हणतो पथ्य पाळलं, मी म्हणते जीभ दाखवा. मुळशी धरणाच्या अंगाला दवाखाना टाकून माझी उमेदीची वर्षं गेली, आणि घरचे म्हणतात, आता मी भाजीवाल्याकडेही जीभ बघितल्यासारखं बघते. म्हणोत बापडे.

त्या पावसाळ्यात भाताची लावणी उरकली आणि एकाच वाडीतून तापाचे पेशंट यायला लागले. डोळे लाल, पोटऱ्या ठणकत असलेल्या. एकाची लघवी बंद झाली, त्याला पुण्याला हलवावं लागलं. हा ताप मी ओळखते. उंदरांच्या नाहीतर जनावरांच्या लघवीतून तो चिखलात उतरतो आणि पायाच्या चिरांतून माणसाच्या अंगात शिरतो. पुण्याच्या एका संस्थेनं त्याचा अभ्यास करायचं ठरवलं आणि तिघांची मोट बांधली. माणसांची डॉक्टर मी, जनावरांचा डॉक्टर एक, आणि संगणकावर नकाशे करणाऱ्या एक बाई. याला आंतरशाखीय सहकार्य म्हणतात, असं पहिल्याच बैठकीत कळलं. चहा बरा होता.

मला दोघांचाही भरवसा वाटला नाही. नकाशेवाल्या बाई हिंजवडीकडून गाडीनं यायच्या, पायात पांढरे बूट, हातात भला मोठा फोन. त्या पेशंटच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "लावणी नेमकी कुठल्या शेतात केली? जरा पॉइंट करून दाखवता का?" मग फोनवर ठिपका उमटायचा. जनावरांचा डॉक्टर शेजारच्याच गावचा. त्याला वाडीत सगळे ओळखायचे, घरोघरी चहा व्हायचा, आणि जो माणूस घरोघरी चहा पितो तो कुणाच्या विरुद्ध काय बोलणार? हे मी तेव्हाच मनात म्हटलं होतं.

पहिला नकाशा आला आणि माझा संशय पक्का झाला. जवळजवळ सगळे ठिपके धरणाकडच्या एकाच भातखाचरावर पडले होते. त्या खाचराच्या खालच्या अंगाला पाण्याचा डबरा आहे आणि त्यात एक म्हैस रोज डुंबायला जाते, हे वाडीतलं पोरगंही सांगेल. म्हैस एका काकूंची होती. काकू एकट्या राहायच्या. ते खाचरही पूर्वी त्यांच्याच घरचं, दिरानं पुण्याच्या पार्टीला विकलेलं. शेत गेल्यावर राहिली ती म्हैस, आणि तिच्या दुधावर काकूंचं घर चालायचं.

मी नकाशा सरपंचांना दाखवला. व्हायचं तेच झालं. डेअरीवर काकूंचं दूध घेईनासे झाले. येत्या बाजाराला म्हैस घालवायची, असं चावडीवर ठरल्यात जमा होतं.

"म्याडम, तुमी फकस्त व्हय म्हना," सरपंच म्हणाले. "आमाला वाडीत भांडान नको. डाक्टरनीच सांगितलं म्हनल्यावर ती बी ऐकंल."

मी हो म्हणणारच होते. फक्त म्हशीच्या रक्ताचा रिपोर्ट हातात यावा, एवढ्यासाठी थांबले. आणि तो रिपोर्ट येत नव्हता. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला की म्हणायचा, "येईल, पण त्यानं काय सिद्ध होणार? इथल्या कितीतरी जनावरांच्या रक्तात हे सापडेल." मला हे सरळ सरळ टोलवणं वाटलं. दोनदा त्याची मोटारसायकल काकूंच्या अंगणात दिसली. काकूंना तो मामी म्हणायचा. मामीची म्हैस वाचवायला भाचा काय काय करील, याचा हिशेब मी मनात मांडायला लागले. नकाशा मी त्याला मुद्दामच दाखवला नव्हता. तो जाऊन काकूंना सगळं सांगेल, असं मला वाटत होतं. आजही वाटतं.

एका दुपारी दवाखाना लवकर बंद केला आणि डबरा खाचराच्या किती जवळ आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला निघाले. खरं सांगायचं तर त्या डॉक्टरला रंगेहाथ पकडायचं होतं. डबऱ्यात म्हैस निवांत बसली होती, नुसतं डोकं वर. काठावर काकू.

"या," त्या म्हणाल्या. "तुमी बी बगून घ्या. समदी बगून गेली."

वर चढून खाचराकडे गेले आणि थांबले. चारी बाजूंनी तारेचं कुंपण होतं. गेटला कुलूप, त्याच्यावर गंज. आत कमरेएवढं गवत. बांध फुटलेले, पाणी अडवलेलं नाही, भाताची एक काडी नाही. त्या खाचरात त्या साली सोडाच, आदल्या सालीही कुणी पाय ठेवला नसणार. आणि माझे पेशंट तिथं ओणवून लावणी करत होते म्हणे!

मी तशीच तणतणत परत आले आणि दोघांना दवाखान्यात बोलावून घेतलं. पहिला तोफखाना नकाशेवाल्या बाईंवर.

"घरी बसून ठिपके लावलेत का हो तुम्ही?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, मी एकेका पेशंटच्या घरी गेलेय. प्रत्येकानं स्वतः बोट केलंय त्या दिशेला. म्हशीवाल्या काकूंनीसुद्धा. वाडीनं लावणी कुठं केली, ते मी त्यांनाही विचारलं होतं."

जनावरांच्या डॉक्टरनं नकाशा हातात घेतला. तो पहिल्यांदाच बघत होता. बघितला आणि कपाळावर हात मारला.

"हा नकाशा मला आधी का नाही दाखवला? हे खाचर पडीक आहे, मी रोज त्याच्यावरून जातो." मग बाईंकडे वळून म्हणाला, "फोन धरून, चांगल्या गाडीतनं उतरून तुम्ही विचारता, शेत कुठलं. इथं असं कोण विचारतं माहीत आहे का? एजंट. आज दाखवलं शेत की उद्या पार्टी दारात. म्हणून सगळ्यांनी आधीच गेलेलं शेत दाखवलं. त्याचं आणखी काय वाईट होणार?"

मला हे सुचायला हवं होतं. मुळशीत माणूस डॉक्टरला सगळं सांगतो. नवऱ्याची दारू, सुनेचं वागणं, पोट साफ होतं की नाही, विचारायच्या आधी सांगतो. पण बांध कुठला, वाटणी कशी, सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं, हे विचारलं की लगेच त्याला ऐकू कमी येतं. खाचर पडीक आहे हे सरपंचांनाही ठाऊक असणार, पण नकाशा बघून तेही गप्प राहिले. आणि काकूंनीही तेच केलं होतं. शेजाऱ्यांची खाचरं झाकायला त्यांनी आपलं गेलेलं खाचर दाखवलं, आणि त्याच ठिपक्यांनी त्यांची म्हैस घेरली. हे लक्षात आलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

मग नकाशेवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही पेशंटना काय खाल्लं ते विचारताच ना? त्याचा कुणाला डाउट येत नाही."

"त्याचा इथं काय संबंध?"

संबंध जनावरांच्या डॉक्टरनं सांगितला. वाडीत लावणी इर्जिकीनं होते. आज सगळे मिळून एकाचं शेत लावतात, उद्या दुसऱ्याचं, आणि ज्याचं शेत तो त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालतो. "शेत विचारू नका," तो म्हणाला. "जेवण विचारा."

तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की या दोघांना सोबत घेऊन काहीतरी होईल. तसं मी दाखवलं नाही.

पुढचे काही दिवस मी प्रत्येक तापवाल्याला, नव्याला आणि जुन्याला, नाडी बघता बघता विचारलं, ताप यायच्या आधी इर्जिकीचं जेवण कुणाकडे झालं? बांधाबद्दल मुके झालेले लोक मटणाबद्दल घडाघडा बोलले. रस्सा कसा झाला होता, भाकरी कुणी थापल्या, कुणाला नळी मिळाली. एकीनं तर तक्रार केली, "लई तिकाट केलं हुतं, त्याच्यानंच आला आसंल ताप." सगळ्यांच्या तोंडी यजमान एकच. जनावरांचा डॉक्टर त्याचे बैल तपासायच्या निमित्तानं रानात जाऊन आला. शेताच्या वरच्या अंगाला एक रिसॉर्ट आहे, तिथलं उष्टं-खरकटं ओढ्याकाठी पडत होतं, आणि त्याच्यावर पोसलेल्या उंदरांनी सगळे बांध पोखरले होते. चिखलाचे नमुने त्यानंच भरून आणले. त्यातून जे निघायचं ते निघालं.

त्या शेतमालकाचं नाव नकाशात घालायचं की नाही, यावर आम्ही तिघं चांगलेच भांडलो. नाव आलं तर डेअरीनं काकूंचं जे केलं ते उद्या त्याचं झालं असतं. शेवटी ठरलं की गोळ्या वाडीतल्या प्रत्येक घरात, उंदरांचा बंदोबस्त प्रत्येक बांधावर, आणि रिसॉर्टच्या कचऱ्याचं सरपंचांनी बघायचं. सरपंचांना सांगितलं, म्हशीचा काही संबंध नाही. "म्हंजी आता कुनाचा?" ते डोळे बारीक करून म्हणाले. मी त्यांना बी.पी. तपासून घ्यायला सांगितलं.

काकूंना सांगायला आम्ही तिघंही गेलो. अंगणात म्हैस रवंथ करत होती. मी सांगितलं, म्हैस कुठं जात नाही, उद्यापासून दूध डेअरीवर घेतील. काकूंच्या चेहऱ्यावर मला काही हललेलं दिसलं नाही.

"मंग आता कुनाचं नाव घेनार?"

"कुणाचंच नाही."

"कुनाचंच न्हाई? मंग येवडं कशापायी इचारत फिरला?"

त्यांनी चहा टाकला. त्यांच्या घरी मी त्याआधी कधी चहा घेतला नव्हता, तपास चालू असताना घेऊ नये म्हणून. त्या दिवशी घेतला. दूध घट्ट होतं.

चहा पिता पिता काकूंनी नकाशेवाल्या बाईंच्या फोनकडे हनुवटीनं खूण केली. "त्याच्यात आमचं वावर हाय का अजून?"

बाईंनी घाईघाईनं नकाशा उघडून त्यांच्यापुढे धरला. "हे बघा काकू, हे चुकीचे ठिपके. आत्ता तुमच्यासमोरच डिलीट करते."

काकूंनी फोन हातात घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. कुंपण त्या नकाशात दिसत नव्हतं. नुसता चौकोन, आणि त्यात दाटीवाटीनं ठिपके.

"येक येक ठिपका म्हंजी येक येक मानूस?"

"हो."

"ऱ्हाऊ द्या की मंग," त्या म्हणाल्या. "खोटं का हुईना. लई सालांनी तितं येवडी मानसं लावनीला आली."