साहेब, तुमचंच झाड!

आमच्या उद्यान विभागात दोन गोष्टींचा तुटवडा कधीच पडत नाही: पालापाचोळा आणि किस्से. पालापाचोळा खड्ड्यात टाकला की त्याचं खत तरी होतं. किस्से नुसतेच साचतात आणि चार मैत्रिणी भेटल्या की माझ्या तोंडून सांडतात. परवा लातूरला एका लग्नात पंगत उठली, मांडव सुटायला लागला, तरी आमचं चालूच!

आधी माणसं सांगते. लातूर-नांदेड रस्त्यावरची एक नगरपालिका. नाव विचारू नका, मला तिथंच नोकरी करायचीय. तिथं मी उद्यान पर्यवेक्षक. माझ्या वर बिराजदार साहेब, कुठल्याही भांडणावर कागद काढणारे. आणि माझ्या खाली, म्हणजे फक्त कागदोपत्री खाली, नागोरावमामा. आमचे सगळ्यात जुने माळी, या महिनाअखेरीला रिटायर होणार. मी बी.एस्सी. ॲग्री, मामा चौथी नापास. पहिल्याच दिवशी मी हौसेनं एका रोपाला पाणी घातलं, तर म्हणाले, "म्याडम, बास करा! रोप हाय ते, म्हैस न्हाई!"

*

सकाळी सहाला आमच्या एकुलत्या एक लॉनवर एका बाजूला योगवर्ग असतो आणि दुसऱ्या बाजूला हास्य क्लब. हे डोळे मिटून शवासनात गेले, की ते हात वर करून हा हा हा! योगाच्या सरांनी लेखी तक्रार दिली. बिराजदार साहेबांनी रीतसर तोडगा काढला आणि फाटकावर सूचना लागली: "हास्य क्लबच्या सदस्यांनी सहा ते साडेसहा या वेळेत हसू नये. आदेशावरून."

दुसऱ्या दिवशी क्लबच्या अध्यक्षांनी ती सूचना मोठ्यानं वाचून दाखवली. इतक्या वर्षांत ती मंडळी खरीखुरी हसली ती त्याच दिवशी. शवासनातलेसुद्धा!

*

मग ओपन जिम आली. त्यातलं पायानं ढकलायचं एक यंत्र नेमकं गुलमोहराच्या सावलीत बसवलं गेलं, आणि त्याला चांगली ऐसपैस सीट. तेव्हापासून एक रिटायर गुरुजी रोज तिथं बसून पेपर वाचतात, पार छोट्या जाहिरातींपर्यंत. मागच्या महिन्यात त्यांचा अर्ज आला: "सदर यंत्र हलते. वाचनात व्यत्यय येतो. तरी फिट्ट करून मिळावे."

साहेबांनी शेरा मारला, "तपासून फिट्ट करणे." तो कागद मी अजून दाबून ठेवलाय, म्हणून बरं!

*

परसबाग स्पर्धेला परीक्षक म्हणून मी आणि मामा घरोघर फिरलो. पहिल्या घरी एक जास्वंद होतं, लालभडक, कुंडीला निळा रंग. दुसऱ्या घरी तसंच जास्वंद, तशीच निळी कुंडी. तिसऱ्या घरी मामांनी त्या झाडाला हात जोडून राम राम घातला. मला म्हणाले, "म्याडम, या बाईला म्या वळखतो. सकाळपासून तिसऱ्यांदा भेटून राहिली."

चौथ्या घरी आम्हाला अंगणात सोडेचनात. "बाग कुठं पळून चाललीय का? आधी चहा घ्या की!" चहा झाला, पोहे झाले, चिवडा झाला. तेवढ्यात दारात ऑटो थांबल्याचा आवाज आला. तशी काकू उठल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "हां, या आता, बाग बघून घ्या!"

पहिला नंबर आम्ही जास्वंदाच्या खऱ्या मालकिणीला दिला. तिनं स्पर्धेत नावच दिलं नव्हतं.

*

आता वृक्षारोपण. दर पावसाळ्यात कोणीतरी मोठा माणूस येतो आणि झाड लावतो. त्याचा खड्डा ठरलेला आहे, फाटकाजवळचा. तिथं फोटो झकास येतो. पण खाली सगळा मुरूम आणि वर विजेची तार, तिथं काय कप्पाळ झाड वाढणार! म्हणून पाहुण्यांची गाडी वळली की मामा ते रोप अलगद काढतात आणि जिथं माती असेल तिथं नेऊन लावतात. कुठं शाळेत, कुठं दवाखान्यामागं. खड्डा पुढच्या साहेबासाठी मोकळा!

पंचाईत व्हायची ती पाहुणा परत आल्यावर. "माझं झाड कुठंय हो?" असं विचारलं की मामा त्याला बागेच्या मधोमध असलेल्या कडुलिंबाखाली घेऊन जायचे. "हे काय साहेब, तुमचंच झाड!"

"दोन वर्षांत एवढं मोठं झालं?"

"साहेबाचा हात लागला न्हाई का!"

यावर आजवर एकानंही शंका काढलेली नाही. आमदार, त्यांच्याविरुद्ध पडलेले उमेदवार आणि माजी नगराध्यक्षीण बाई, तिघांनी त्या बुंध्यावर हात ठेवून फोटो काढलेत आणि तिघांच्या ऑफिसात ते फ्रेम करून लागलेत.

खरं तर ते झाड मामांचं. रोजंदारीवर लागले त्या आठवड्यात इस्लापूरकडच्या आपल्या गावाहून ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीनं आणलेलं. दुष्काळाच्या सालात नगरपालिकेला प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा मामा घमेल्यात बसून आंघोळ करायचे आणि खाली साचलेलं ते पाणी बादलीत भरून सायकलवरून झाडाला आणायचे. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांच्या मंडळींनी सांगितलं, तेही तक्रार म्हणून!

*

आणि यंदा बागेत स्केटिंग रिंक मंजूर झाली. आमच्या गावात स्केटिंग येणारं एकही माणूस मला माहीत नाही, पण मंजूर म्हणजे मंजूर. इंजिनिअर नकाशा घेऊन आले. रिंक बरोब्बर कडुलिंबावर.

मामा नकाशावर वाकले. "म्याडम, यात झाड कुठं हाय?"

"नकाशात दाखवलेलं नाही, मामा."

"कागदावर न्हाई म्हंजे न्हाईच का?"

त्या दिवशी मामांनी डबा उघडला नाही, आणि मलाही माझा गोड लागला नाही. झाडावर नोटीस लागली: सात दिवसांत लेखी हरकत घ्यावी, नाहीतर झाड तोडण्यात येईल. आम्ही पडलो नोकर माणसं, आमची हरकत चालत नाही. मी ओळखीच्या चौघांना सांगून पाहिलं, सगळे "बघू" म्हणाले. हास्य क्लबसुद्धा गप्प! सहा दिवस गेले, एक अर्ज आला नाही. मामांची नोकरीही आता थोडेच दिवस उरली होती.

सातव्या दिवशी सकाळी मामा माझ्याकडे आले. "म्याडम, जरा फोन लावून द्या." मी एकामागून एक तीन नंबर लावून दिले. तिन्ही वेळा मामा एकच वाक्य बोलले. "साहेब, तुमचं झाड पाडून राहिलेत!" बाईंच्या वेळी फक्त "बाईसाहेब" म्हणाले.

अकराच्या सुमाराला पहिली गाडी आली, आमदारांची. पाठोपाठ दुसरी, पडलेल्या उमेदवारांची. मग बाई, आपला फ्रेम केलेला फोटो काखेत घेऊन! तिघांच्याही हातात लेखी हरकत, तिघांच्याही हरकतीत "मी स्वहस्ते लावलेला वृक्ष." बिराजदार साहेबांनी तिन्हींवर पोच दिली. इंजिनिअरांनी नकाशाची गुंडाळी करून बगलेत मारली.

जाता जाता त्यांनी विचारलंच, "पण झाड नेमकं कुणाचं? फाइलला एकच नाव लागतं."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग तिघांनी मामांकडे बघितलं.

मामा हौदाकडं गेले. भरलेली बादली आणून झाडापाशी ठेवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "चार दिस झाले, पाणी न्हाई याला. ज्याचं असल त्यानं घाला!"

तिघांनी एकदमच बादलीची कडी धरली.