हातावरचे आबा

समाधान बीडहून तळवड्याला आला, तेव्हा हिंदुराव आबांनीच त्याला कामाला लावलं. आबा तळवड्याच्याच जुन्या गावातले. कंपन्यांना कंत्राटी माणसं पुरवायचे. आबांच्या एका वाढदिवसाला त्यांच्या हाताखालच्या पोरांनी हातावर त्यांचा चेहरा गोंदवून घेतला, त्यात समाधानही होता. उजव्या कोपराखाली हिरवा फेटा, भरघोस मिशा, लाल ओठ.

लग्नानंतर त्याची बायको दिव्याही आबांच्याच माणसांत पॅकिंगला लागली. एकदा शिफ्ट बदलून मागायला ती ऑफिसात गेली. आबांनी तिचा हात धरला, गालावरून बोट फिरवलं. ती हिसडा देऊन निघाली आणि घरी येऊन तिने समाधानला सगळं सांगितलं. पण काम सुटलं तर खायचं काय, म्हणून दोघं कामावर जात राहिली.

तेव्हापासून नवऱ्याचा तो हात तिला बघवेना. तो वाढून घेऊ लागला की ती तोंड फिरवायची. झोपताना त्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावायची. त्यालाही घास तोंडाशी नेताना तो चेहरा दिसायचा आणि घास परत ताटात जायचा.

चिंचवडच्या एका स्किन क्लिनिकमध्ये लेझरने टॅटू काढतात असं कळलं, तसा तो तिथे गेला. प्रकाशाचा प्रत्येक फटका तापलेल्या तेलाच्या थेंबासारखा बसायचा. केस जळल्याचा वास यायचा, कातडी पांढरी पडायची, मग पाण्याचे फोड. ते वाळून हात बरा झाला की पुन्हा तेच. काळा रंग आधी गेला. मिशा गेल्या, डोळे गेले. हिरवा नि लाल मात्र हटेना. त्याला वेगळं मशीन लागतं, असं डॉक्टर म्हणाले. आता हातावर मळकट फेटा आणि त्याखाली नुसते ओठ उरले होते.

दिव्याने ते एकदाच नीट पाहिलं.

"हे तर पहिल्याहून घाण दिसतंय," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "सकाळी गेटवर त्याला अजून रामराम करता ना?"

समाधान तो रोज करत होता. आबांची शिसारी त्याला आधीपासून होती. त्या क्षणी स्वतःची आली.

दुसऱ्याच दिवशी दोघं पोलीस ठाण्यात गेले. आपसात मिटवून घ्या, असं आधी ऐकावं लागलं. दिव्या खुर्चीवरून उठली नाही. शेवटी तक्रार नोंदवली गेली, आणि दोघांचंही काम गेलं. आबांची माणसं समजूत घालायला घरी आली, ती समाधानने दारातूनच परत पाठवली. मग पॅकिंगमधली रंभाही पुढे आली. तिच्याही बाबतीत तेच घडलं होतं.

खटला अजून चालू आहे. साक्षीच्या दिवशी आबा समोरच बसले होते. दिव्याने सगळं त्यांच्याकडे बघत सांगितलं.